गाण्याचा व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत कसा पोहोचवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्यांचे व्हिडिओ एडिट करणं आणि गायक-संगीतकारांचे यूट्यूब चॅनल सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. एका गाण्यामागे लोकांचे महिनोन्महिने गेलेले असतात. अपलोड करताना मात्र टायटल, थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र), डिस्क्रिप्शन हे सगळं रात्री उशिरा दहा मिनिटांत उरकलं जातं. ते बघून खरंच वाईट वाटतं. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक यूट्यूबची आहेत, कारण माझं बरंचसं काम तिथेच चालतं.

गाणं चांगलं झालंय, शूटिंगही नीट झालंय, तरी व्ह्यूज का येत नाहीत?

आधी नेमकं कुठे अडलंय ते बघा. अडण्याच्या जागा तीनच असतात. व्हिडिओ लोकांसमोर आलाच नाही, किंवा समोर आला पण कुणी उघडला नाही, किंवा उघडला आणि लगेच बंद केला. यूट्यूब स्टुडिओच्या (चॅनल सांभाळण्यासाठी यूट्यूबने दिलेल्या जागेच्या) अ‍ॅनालिटिक्समध्ये हे तिन्ही वेगवेगळं दिसतं. इम्प्रेशन्स म्हणजे थंबनेल किती वेळा दाखवलं गेलं, क्लिक-थ्रू रेट म्हणजे त्यातल्या किती वेळा ते उघडलं गेलं, आणि त्यानंतर लोक सरासरी किती वेळ थांबले.

क्लिक-थ्रू रेट ४ टक्के दिसला की अनेक जण घाबरून फोन करतात. यूट्यूबनेच सांगितलंय की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. शिवाय पहिल्या दिवशी व्हिडिओ तुमच्या नेहमीच्या श्रोत्यांना दिसतो, तेव्हा आकडा चढा असतो. पुढे अनोळखी लोकांना दिसायला लागला की तो उतरतोच. इम्प्रेशन्स वाढत असताना टक्केवारी थोडी खाली आली, तर ते व्हिडिओ पसरत असल्याचं लक्षण आहे. दोन्ही आकडे एकदमच पडले तर मात्र थंबनेल आणि टायटलकडे वळा.

बाकीच्या व्हिडिओंपेक्षा गाण्याच्या व्हिडिओचं वेगळं काय असतं?

सगळ्यात मोठा फरक हा की गाण्याकडे माणूस परत येतो. प्रिंटर कसा जोडायचा हा व्हिडिओ आपण एकदा बघतो, प्रिंटर चालू झाला की विषय संपला. आवडलेलं गाणं आपण त्याच दिवशी तीनदा ऐकतो, पुढच्या आठवड्यात कुणाला तरी ऐकवतो, आणि वर्षभराने अचानक आठवतं तेव्हा पुन्हा शोधतो. व्हिडिओ सुधारण्याचे बहुतेक सल्ले पहिल्या क्लिकबद्दल असतात. गाण्याच्या बाबतीत मी दुसऱ्या वेळेचा विचार आधी करते. वर्षभराने शोधायला निघालेल्या माणसाला काय आठवत असेल? गाण्याचं नाव बहुधा नाही, अल्बमचं तर नाहीच. त्याच्या ओठांवर एक ओळ असते, तीही अर्धवट. त्या अर्धवट ओळीवरून तुमचा व्हिडिओ सापडला पाहिजे. खालची बरीच उत्तरं या एकाच विचारातून आली आहेत.

टायटल कसं द्यावं?

एक उदाहरण सांगते. एका गायिकेने गाण्याला ‘परिक्रमा’ असं नाव दिलं होतं. सुंदर नाव, पण तो शब्द गाण्यात कुठेच नव्हता. ध्रुवपद होतं ‘वाट अजून ओली आहे’. कार्यक्रमात लोक तिला म्हणायचे, ते ओल्या वाटेचं गाणं म्हणा ना. घरी जाऊन ते ‘वाट अजून ओली’ एवढंच टाइप करायचे आणि त्यांना भलतीच गाणी दिसायची. आम्ही टायटल बदलून ‘वाट अजून ओली आहे’ सुरुवातीला घेतलं, मग तिचं नाव, आणि ‘परिक्रमा’ शेवटी. पुढच्या काही आठवड्यांत ट्रॅफिक सोर्समध्ये (लोक कुठून आले ते दाखवणाऱ्या यादीत) यूट्यूब सर्चचा वाटा वाढताना स्पष्ट दिसला. गाण्याचा एक सूरही बदलला नव्हता.

तेव्हा आधी ओठांवर बसणारी ओळ, मग गायक किंवा बँडचं नाव, आणि मग बाकीचं. टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर त्यातला सुरुवातीचाच भाग दिसतो, म्हणून महत्त्वाचं पुढे घ्या. त्या गाण्याची इतरांनी केलेली कव्हर (त्यांनी गायलेल्या आवृत्त्या) असतील तर ‘ऑफिशियल व्हिडिओ’ हे शब्द उपयोगी पडतात. नसतील तर ती जागा वाया जाते. ‘हृदयाला भिडणारं’, ‘एकदा ऐकाच’ असलं काही लिहू नका, ते कुणीच शोधत नाही. आणि ज्या गाजलेल्या गायकाचा गाण्याशी संबंध नाही त्याचं नाव टायटलमध्ये घालू नका. दिशाभूल करणारी माहिती देणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. शिवाय त्या नावाने आलेला माणूस दहा सेकंदांत निघून जातो, ते नुकसान वेगळंच.

टायटल देवनागरीत लिहावं की रोमन लिपीत?

दोन्ही लिपींत लिहा. आपली गाणी शोधणारे बरेच जण रोमन कीबोर्डवरच टाइप करतात. टायटलमध्ये ध्रुवपद देवनागरीत आणि गायकाचं नाव रोमनमध्ये, किंवा उलट, असं जे जमेल ते करा, आणि उरलेलं डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत घ्या. रोमनमध्ये एकच शब्द लोक चार तऱ्हांनी लिहितात. ‘वाट’मधला ‘आ’ कुणी एका अक्षराने लिहितो, कुणी दोन. असली वेगवेगळी स्पेलिंग टॅगमध्ये (व्हिडिओला जोडायच्या शोध-शब्दांच्या यादीत) टाका. टॅगचा खरा उपयोग एवढाच उरलाय. शोधात टॅगची भूमिका फारच थोडी असते आणि चुकीचं स्पेलिंग होणाऱ्या शब्दांसाठी ते कामाला येतात, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. त्यामुळे ५०० अक्षरांची मर्यादा भरून काढण्यात रात्र घालवू नका.

स्टुडिओत टायटल आणि डिस्क्रिप्शनची भाषांतरं जोडायची सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात. बघणाऱ्याच्या भाषेनुसार त्याला ते टायटल दिसतं. गाण्याला दुसऱ्या भाषेतला श्रोता लाभेल असं वाटत असेल तर हे जरूर करा.

डिस्क्रिप्शनमध्ये काय लिहायचं?

संपूर्ण गाणं लिहा. सगळे अंतरे, शब्द न् शब्द. ज्याला दुसऱ्या अंतऱ्यातलीच ओळ आठवतेय त्याच्यासाठी हीच वाट आहे. गीत दुसऱ्याचं असेल तर त्याची परवानगी आधी घ्या. मर्यादा ५,००० अक्षरांची आहे, गाणं आरामात मावतं.

गाण्याच्या खाली श्रेयनामावली द्या, पूर्ण. गीतकार, संगीतकार, संगीत संयोजक, प्रत्येक वादक, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग, छायाचित्रण, संकलन. बासरीवाल्याचं नाव लिहिलं की तो लिंक स्वतःहून दहा जणांना पाठवतो. पण मुळात त्याने वाजवलंय म्हणून ते नाव तिथे असायलाच हवं. त्यासाठी व्ह्यूजचं कारण शोधायची गरज नाही.

हॅशटॅग तीन पुरेत, व्हिडिओबरोबर तेवढेच दिसतात. ६० पेक्षा जास्त टाकले तर यूट्यूब त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करतं.

थंबनेल कसं असावं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण तो इथेच वाचवतात.

आकार १२८० बाय ७२०, म्हणजे १६:९ चं प्रमाण. स्वतःचं थंबनेल लावायला आधी फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. तयार झालेलं चित्र कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर पसंत करू नका. फोनवर पाठवा, फोन हातभर लांब धरा, आणि काय दिसतंय ते मोठ्याने सांगा. ‘एक बाई गातेय’ असं चटकन सांगता आलं तर ठीक. ‘डोंगर आहे, बहुतेक कुणीतरी उभं आहे’ असं म्हणावं लागलं तर चित्र बदला. ड्रोनने टिपलेलं विस्तीर्ण दृश्य व्हिडिओत छान वाटतं, पण थंबनेलमध्ये त्याचा हिरवा-निळा डाग होतो.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी पट्टी येते. एका जुगलबंदीच्या थंबनेलमध्ये तबलजीचा उजवा हात नेमका त्या पट्टीखाली गेला होता. चित्राचा सगळा जीव त्या उचललेल्या हातात होता. आम्ही चित्र चार बोटं डावीकडे सरकवलं आणि हात मोकळा झाला. तो कोपरा नेहमी रिकामा ठेवा.

चेहरा असेल तर डोळे दिसू द्या. गाताना डोळे मिटलेले फोटो आपल्याला भावपूर्ण वाटतात. अनोळखी माणूस मात्र उघड्या डोळ्यांपाशी जास्त थांबतो, असा माझा अनुभव आहे. शूटिंगच्या दिवशीच पंधरा मिनिटं वेगळी काढून थंबनेलसाठी स्थिरचित्रं घ्या. व्हिडिओतून कापलेल्या फ्रेमला हालचालीचा धूसरपणा असतो. चित्रावर शब्द फार तर तीन-चार. टायटल खाली दिसतच असतं, ते पुन्हा वर कशाला?

दोन चित्रांत निवड होत नसेल तर स्टुडिओतल्या ‘टेस्ट अँड कम्पेअर’मध्ये तीनपर्यंत थंबनेल लावता येतात. प्रेक्षकांना ती आलटूनपालटून दाखवली जातात आणि कुठल्यामुळे लोकांनी जास्त वेळ पाहिलं यावरून निकाल लागतो. निकाल नुसत्या क्लिकवर लागत नाही, ही यातली चांगली गोष्ट. भडक चित्र क्लिक मिळवतं, पण आत तसं काही नसेल तर ते हरतं.

सुरुवातीची सेकंदं एवढी महत्त्वाची का म्हणतात?

कारण आलेल्यातले सगळ्यात जास्त लोक तिथेच निघून जातात. अ‍ॅनालिटिक्समध्ये तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक शिल्लक होते ते दिसतं. तो आकडा एकदा बघितलात की ओपनिंग टायटल्सकडे बघण्याची नजर बदलेल.

माझ्याकडे आलेल्या एका व्हिडिओची सुरुवात अशी होती : आधी निर्मिती संस्थेचा फिरणारा लोगो, मग ‘सादर करीत आहोत’, मग सहप्रायोजकाचा लोगो, मग पहाटेचा ड्रोन शॉट, त्यावर पक्ष्यांचे आवाज. पहिला सूर २४व्या सेकंदाला. गाण्यासाठी आलेल्या माणसाने एवढा वेळ सुराशिवाय का थांबावं? आम्ही पहिल्या फ्रेमपासून तानपुरा सुरू केला. लोगो चार सेकंदांत, तेही तानपुऱ्यावरच, आणि लगेच आलाप. पहाटेचा शॉट टाकून दिला नाही, तो पहिल्या म्युझिक पीसवर नेला. तिथे तो उलट जास्त शोभला. श्रेयनामावली त्याच शॉटवर लहान अक्षरांत घेतली.

बाकीच्या व्हिडिओंसाठी सल्ला असतो की सगळ्यात आकर्षक तुकडा आधी दाखवा. गाण्याला तो सरसकट लावू नये असं माझं ठाम मत आहे. ध्रुवपद आधी वाजवून थांबायचं आणि मग गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, याने गाण्याची बांधणीच मोडते. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला ते फार टोचतं, आणि आपल्याला तर परत येणाराच माणूस हवाय. पहिल्या फ्रेमला सूर असावा, दिसायला काहीतरी घडत असावं, एवढं पुरतं.

व्हिडिओ आधीच अपलोड झालाय. लांबलेली सुरुवात आता कापता येईल का?

येते. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम करता येतं. लिंक, व्ह्यूज, कमेंट्स सगळं तसंच राहतं. एक अट आहे : व्हिडिओचे १ लाखाहून जास्त व्ह्यूज झाले असतील आणि चॅनल पार्टनर प्रोग्रॅममध्ये (यूट्यूबच्या उत्पन्न देणाऱ्या योजनेत) नसेल, तर चेहरे धूसर करण्याखेरीज इतर बदल सेव्ह होत नाहीत. नवीन फाइल जुन्या लिंकवर चढवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

रिटेन्शन ग्राफ कसा वाचायचा?

व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती टक्के लोक बघत होते ते या ग्राफची रेघ दाखवते. ती डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जाते. उतार सौम्य असेल तर उत्तम. एकदम कडा कोसळल्यासारखी खाली आली तर त्या सेकंदाला जाऊन व्हिडिओ बघा, कारण बहुतेक वेळा लगेच कळतं. दुसऱ्या अंतऱ्याला पहिल्याच अंतऱ्याचे शॉट पुन्हा आले, लांबलेला संवाद मध्येच घुसला, असं काहीतरी असतं.

खरी मौज उंचवट्यांत आहे. रेघ मध्येच वर उठली म्हणजे लोकांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा ऐकला, किंवा थेट तिथेच उडी मारली. एका गझलेच्या व्हिडिओत २ मिनिटं १४ सेकंदांवर असा उंचवटा होता. तिथे गायिका नव्हतीच. सारंगीचा लहानसा तुकडा होता, मोजून अकरा सेकंदांचा, आणि कॅमेरा वादकाच्या नखांवर होता. सारंगीची तार नखाच्या मुळाशी दाबून वाजवतात, ते इतक्या जवळून लोकांनी कधी पाहिलेलं नसतं. आम्हाला कुणालाच तो व्हिडिओचा सगळ्यात मोलाचा भाग वाटला नव्हता. प्रेक्षकांनी ते दाखवून दिलं. पुढचा शॉर्ट (यूट्यूबवरचा छोटा व्हिडिओ) त्याच तुकड्याचा केला आणि पुढच्या गाण्याच्या शूटिंगला वादकांच्या हातांसाठी वेगळा कॅमेरा लावला.

अपलोड केल्यावर आमचं गाणं इतरांपेक्षा कमी आवाजात का वाजतं?

कारण साधारणपणे दोनांपैकी एक असतं. मास्टर (मिक्सिंगनंतर तयार केलेली अंतिम ध्वनिफाइल) फारच जोरात केलं असेल तर यूट्यूब ते स्वतःच खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायच्या एककाच्या) पातळीला. जोर मिळवण्यासाठी ठोके दाबून सपाट केलेले असतात, त्यामुळे खाली आणल्यावर गाणं निर्जीव वाटतं. उलट मास्टर मुळातच कमी आवाजाचं असेल तर यूट्यूब ते वर उचलत नाही, तसंच सोडतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे कंटेंट लाउडनेससमोर किती डेसिबलचा फरक आहे ते दिसतं. ते बघून मास्टरिंग करणाऱ्याशी बोला.

आणखी एक चूक सर्रास होते. रेकॉर्डिंग स्टुडिओतून आलेली मूळ वेव्ह फाइल बाजूला राहते आणि एडिटरला मेसेजवरून एमपीथ्री पाठवली जाते. ती एडिटमध्ये बसते, एक्स्पोर्ट होताना पुन्हा दाबली जाते, अपलोड झाल्यावर तिसऱ्यांदा. झांजांचा आवाज पत्र्यासारखा येतो तो यामुळे. एडिटरला वेव्हच द्या. एक्स्पोर्ट एएसी स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ केबीपीएस ठेवा, यूट्यूबची शिफारस हीच आहे.

चित्राची क्वालिटी किती ठेवावी?

२४ ते ३० फ्रेमच्या व्हिडिओला १०८०पीसाठी ८ एमबीपीएस, फोरकेसाठी ३५ ते ४५. प्रकाशनाच्या आदल्या दिवशीच प्रायव्हेट ठेवून अपलोड करा. आधी हलक्या दर्जाची आवृत्ती तयार होते, वरच्या दर्जाला वेळ लागतो. लगेच पब्लिक केलं तर पहिल्या तासातले तुमचे सगळ्यात जवळचे श्रोते धूसर चित्र बघतात.

शॉर्ट्समुळे पूर्ण गाण्याला खरंच फायदा होतो का?

होतो, पण आपोआप नाही. शॉर्ट बघणारा अंगठ्याने वर सरकत असतो, त्याला पूर्ण गाण्यापर्यंत नेणारी वाट आपणच ठेवावी लागते. शॉर्टच्या सेटिंगमध्ये संबंधित व्हिडिओ जोडायची सोय आहे, ती प्रत्येक वेळी वापरा.

१५ ऑक्टोबर २०२४ पासून उभे किंवा चौरस व्हिडिओ ३ मिनिटांपर्यंत शॉर्ट म्हणून धरले जातात. पण मिळालंय म्हणून तीन मिनिटं भरू नका. गाण्याचा तुकडा तोडताना तालाचं आवर्तन पूर्ण होऊ द्या, समेवर सोडा. शेवट आणि सुरुवात जुळत असतील तर तुकडा पुन्हा वाजताना धागा तुटत नाही आणि माणूस नकळत दुसऱ्यांदा ऐकतो. आडवा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी कापून उभा केला की वादक निम्मे गायब होतात, म्हणून शूटिंगलाच एक फोन उभा लावून ठेवा.

आकडे बघताना सावध राहा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ बघितलं याची अट नाही. खरोखर थांबून बघणाऱ्यांचा अंदाज हवा असेल तर ‘एंगेज्ड व्ह्यूज’ बघा.

गाण्याचे शब्द कॅप्शन म्हणून द्यावेत का?

हो. गायलेल्या शब्दांची आपोआप होणारी कॅप्शन विश्वासाची नसतात, ताना आणि आलापांत तर काहीही उमटतं. वेळा घालून एसआरटी फाइल (शब्द आणि ते कधी दिसावेत त्या वेळा असलेली साधी फाइल) स्वतः बनवा, चार मिनिटांच्या गाण्याला तासाभराचं काम आहे. आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला, ऐकू न येणाऱ्याला आणि भाषा शिकणाऱ्याला ती उपयोगी पडतात. अर्थाचं भाषांतरही दुसऱ्या कॅप्शनमध्ये देता येतं.

एंड स्क्रीन आणि प्लेलिस्टचा काय उपयोग?

गाणं संपल्यावर माणूस त्याच मनःस्थितीत असतो, त्याला लगेच दुसरं गाणं हवं असतं. ते तुमचं असू द्या. एंड स्क्रीन (शेवटी पुढच्या व्हिडिओंच्या चौकटी दाखवणारा पडदा) शेवटच्या ५ ते २० सेकंदांत बसते, व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो आणि चारपर्यंत गोष्टी मांडता येतात. तिची जागा एडिटिंगमध्येच ठेवा, शेवटचा सूर विरत असताना स्थिर, रिकामं दृश्य असावं. गायकाच्या चेहऱ्यावर चौकटी आल्या की गाण्याचा शेवट फुकट जातो.

प्लेलिस्ट वर्षानुसार लावू नका, भावानुसार लावा : शांत गाणी, पावसाची गाणी, वाद्यसंगीत. मैफिलीच्या मोठ्या व्हिडिओला चॅप्टर (नाव दिलेले भाग) द्या. किमान तीन भागांच्या सुरुवातीच्या वेळा लिहाव्या लागतात, पहिली शून्यावर, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा.

प्रीमिअर (ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बघायचं पहिलं प्रदर्शन) करावा का?

वाट बघणारे लोक असतील तरच. रिकाम्या चॅटसमोर उलटी मोजणी चालू असणं नव्या कलाकाराला फार जिव्हारी लागतं.

कव्हर केलं तर कॉपीराइटची अडचण येईल का?

येऊ शकते. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, शब्द आणि चालीचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. तुम्ही नव्याने गायलात तरी पहिला हक्क मूळ मालकाचाच राहतो. २००७ पासून असलेली कंटेंट आयडी (अपलोड झालेल्या व्हिडिओंत हक्काचं संगीत आपोआप शोधणारी) यंत्रणा दोन्ही ओळखण्याचा प्रयत्न करते.

क्लेम (हक्कधारकाचा दावा) आणि स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनलवर लागणारा ठपका) यांत गल्लत करू नका. क्लेम आला तर साधारणपणे उत्पन्न हक्कधारकाकडे जातं किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक गंभीर असतो, ९० दिवसांत तीन आले तर चॅनल बंद होऊ शकतं. एक मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर क्लेम आला तर तो जगभर ब्लॉक होतो, हेही ध्यानात ठेवा.

स्वतःच्याच गाण्यावर क्लेम आला म्हणून रडवेले होऊन फोन करणारे कितीतरी आहेत. बहुतेक वेळा तो त्यांच्याच वितरकाने (गाणं वेगवेगळ्या ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीने), त्यांच्याच वतीने लावलेला असतो. वितरकाला तुमचा चॅनल सूट-यादीत (ज्यांवर क्लेम लागत नाही अशा चॅनलांच्या यादीत) घालायला सांगा. खरंच चुकीचा असेल तर डिस्प्यूट करा, समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात.

व्ह्यूज विकत मिळतात असं ऐकलंय. सुरुवातीला थोडे घेतले तर?

घेऊ नका. एका तरुण संगीतकाराने एका कंपनीकडून घेतले होते. आकडा वाढला, कमेंट एकही नाही, सरासरी पाहण्याचा वेळ काही सेकंदांवर आला. काही दिवसांनी यूट्यूबने ते व्ह्यूज काढून टाकले. आकडा गेल्याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण त्याच्या मनापासून केलेल्या गाण्याच्या ग्राफची पहिल्याच महिन्यात माती झाली होती आणि खरे श्रोते कोण, हे त्या आकड्यांतून शोधणं अशक्य झालं होतं. खोटा प्रतिसाद मिळवणं नियमबाह्य आहे, त्यात चॅनलही जाऊ शकतं.

यूट्यूबवर रीतसर जाहिरात करणं वेगळं, ते चालतं. फक्त सप्टेंबर २०१९ पासून जाहिरातीतून आलेले व्ह्यूज यूट्यूबच्या संगीत चार्टमध्ये धरले जात नाहीत. थोडं बजेट असेल तर मी ते आधी चांगल्या थंबनेल-फोटोंवर आणि मिक्सिंगवर घालायला सांगते.

लहान मुलांच्या गाण्यांना वेगळे नियम आहेत का?

आहेत. ‘मेड फॉर किड्स’ ठरवलेल्या व्हिडिओवर कमेंट, कार्ड (व्हिडिओ चालू असताना वर येणाऱ्या लिंक), एंड स्क्रीन, वैयक्तिक आवडीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती, सगळं बंद असतं. त्यामुळे पुढच्या गाण्याचं चित्र आणि नाव व्हिडिओच्या शेवटी चित्रातच दाखवा. खरी माहिती लपवून हे सेटिंग टाळू नका.

उत्पन्न कधी सुरू होतं?

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्राइबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. चार मिनिटांचं गाणं ६० हजार वेळा पूर्ण ऐकलं जावं लागतं. आकडा मोठा वाटतो, पण एकाच श्रोत्याने वीसदा ऐकलं तर तोही वेळ त्यात मिळतो. त्याआधीची पायरी ५०० सबस्क्राइबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक अपलोड आणि १२ महिन्यांत ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज अशी आहे. तिथे सदस्यत्वासारख्या काही सोयी मिळतात, जाहिरातींचे पैसे नाहीत.

दोन वर्षांपूर्वीचं गाणं कुणी ऐकलंच नाही. काढून टाकून नव्याने अपलोड करू का?

काढू नका. जे थोडे लोक आले त्यांनी लिंक कुठेतरी पाठवलेली असते, कुणाच्या तरी प्लेलिस्टमध्ये ते गाणं असतं. डिलीट केलं की ते सगळे दरवाजे बंद होतात. त्याच व्हिडिओचं टायटल ओठांवरच्या ओळीने सुरू करा, थंबनेल नवं करा, पूर्ण गीत लिहा, सुरुवात ट्रिम करा, ग्राफमधला उंचवटा शोधून त्याचा शॉर्ट करा. हे सगळं एका दिवशी करू नका. टायटल बदललं की दोन-तीन आठवडे थांबून ट्रॅफिक सोर्स बघा, मग थंबनेलला हात लावा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बदलाची तारीख आणि त्या दिवशीचे आकडे एका वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे प्रत्येक चॅनलची अशी वही आहे, आणि नवं गाणं हातात आलं की मी आधी तीच उघडते.